पुन्हा पुन्हा घसरणारा शाफ्टवरचा क्लच: कसण्याआधी पुलीचं बुश बघा

लोड आला की पुली मंदावते, जळका वास येतो आणि शाफ्ट मात्र आपल्या वेगाने फिरत राहतो. मग कोणीतरी ॲडजस्टिंग रिंगची (क्लचचा दाब कमी-जास्त करणाऱ्या कडीची) पिन काढतो, रिंग एक खाच पुढे फिरवतो, क्लच पुन्हा धरतो आणि काम सुरू होतं. आठवडाभर ठीक चालतं, की पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या खेपेला रिंगचे आटे संपत आलेले असतात, लिव्हर ओढायला दोन माणसं लागतात आणि तरी क्लच घसरतो. शेवटी लायनिंग (प्लेटांवरचा घर्षणाचा थर) बदललं जातं, आणि महिनाभरात नवं लायनिंगही त्याच वाटेने जातं.

या चक्रात मी स्वतः बरेच महिने अडकलो होतो. एका लाइनशाफ्टवर (अनेक यंत्रांना पट्ट्याने शक्ती देणाऱ्या लांब शाफ्टवर) पाच पुल्या होत्या, पाचही क्लच एकाच बनावटीचे, पण त्रास कायम एकाच पुलीला. तिचं लायनिंग दोनदा बदललं, स्प्रिंगा बदलल्या, प्लेटा लेथवर फेस करून घेतल्या. दोष निघाला क्लचच्या बाहेर, पुलीच्या बुशमध्ये, म्हणजे पुली शाफ्टवर ज्या धातूच्या नळीवर बसते तिच्यात. तेव्हापासून असा क्लच समोर आला की आधी बुश तपासतो आणि मगच पाना हातात घेतो. ही पोस्ट त्याच क्रमाने लिहिली आहे. तुमच्या क्लचची रचना थोडी वेगळी असेल, तरी तपासणी तीच राहते.

रचना थोडक्यात

शाफ्ट सतत फिरतो. त्यावर चावीने (खाचेत ठोकलेल्या धातूच्या पट्टीने) पक्का बसवलेला हब असतो, तो शाफ्टबरोबर फिरतो. पुली मात्र शाफ्टवर मोकळी, ब्राँझच्या बुशवर बसलेली असते. हब आणि पुली यांच्यामध्ये घर्षणाच्या प्लेटा असतात. लिव्हर ओढला की फोर्क सरकत्या स्लीव्हला पुढे ढकलतो, स्लीव्ह टॉगलची बोटं (दाब देणारे छोटे दांडे) उघडते, बोटं प्रेशर प्लेट दाबतात आणि प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात. टॉगल मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेला की ‘टक’ असा आवाज येतो आणि क्लच स्वतःहून लागलेला राहतो. त्यानंतर फोर्कने दाबून धरायची गरज नसते.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे. क्लच लागलेला असताना शाफ्ट आणि बुश एकत्र फिरतात, त्यामुळे बुश शाफ्टवर घासत नाही. क्लच सुटलेला असताना पुली थांबते आणि शाफ्ट बुशच्या आत पूर्ण वेगाने फिरतो. म्हणजे यंत्र बंद दिसतं तेव्हाच बुशचं काम सुरू असतं.

आधी खात्री करा की घसरतोय तो क्लचच

हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. चालवलेल्या यंत्राचा वेग कमी झाला की दोष पट्ट्याचा आहे की क्लचचा, हे नुसतं बघून कळत नाही. वास दोन्हींत येतो.

खडूची खूण हा सगळ्यांत स्वस्त उपाय. मोटर बंद करा, मेन स्विच काढून कुलूप लावा. क्लच लावून ठेवा आणि हबपासून पुलीच्या बॉसपर्यंत (मधल्या जाड भागापर्यंत) एकच सरळ रेघ ओढा. शाफ्टवर आणि हबच्या कडेवरही एक रेघ मारा. गार्ड परत बसवा, लोडवर पाच-दहा मिनिटं चालवा, थांबवा आणि क्लच न सोडता रेघा बघा. हब आणि पुलीची रेघ तुटली असेल तर क्लच घसरला. शाफ्ट आणि हबची रेघ तुटली असेल तर चावी गेली आहे, आणि ती गोष्ट क्लचपेक्षा गंभीर आहे. दोन्ही रेघा जागच्या जागी असतील तर पट्ट्याकडे बघा.

टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) असेल तर आणखी सोपं. शाफ्टचा आणि पुलीचा वेग एकाच लोडवर मोजा. सपाट पट्टा १ ते २ टक्के मागे पडतो, तो त्याचा स्वभाव आहे. क्लच मात्र पूर्ण लागल्यावर शून्य टक्के घसरला पाहिजे. ३०० आरपीएमच्या (मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या) शाफ्टवर पुली २९८ दाखवत असेल तरी तो दोष समजा. मापनाची चूक वगळण्यासाठी दोनदा मोजा.

तेल किती नुकसान करतं, ते आकड्यांत

घर्षण क्लचची ताकद चार गोष्टींवर ठरते: दाब, घर्षणाचा गुणांक, घर्षणाच्या पृष्ठांची संख्या आणि सरासरी त्रिज्या. चारींचा गुणाकार केला की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. एक उदाहरण घेऊ.

७.५ किलोवॅट ३०० आरपीएमला न्यायचे आहेत. ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम या सूत्राने टॉर्क सुमारे २३९ न्यूटन-मीटर येतो. लायनिंगचा बाहेरचा व्यास २५० मिमी, आतला १५०, म्हणजे सरासरी त्रिज्या १०० मिमी. घर्षणाची पृष्ठं दोन. कोरड्या लायनिंगचा बिडावरचा गुणांक ०.३ धरू. मग नुसतं भागवण्यापुरता दाब सुमारे ४००० न्यूटन लागेल. सुरू होतानाचे झटके धरून दुप्पट घेतला, ८००० न्यूटन, तर क्लच ४८० न्यूटन-मीटरपर्यंत धरेल. छान मोठी शिल्लक आहे.

आता त्याच क्लचवर तेलाचा पातळ थर आला आणि गुणांक ०.१ वर घसरला. दाब तोच ८००० न्यूटन. टॉर्क उरतो १६०. लागतात २३९. दुप्पट शिल्लक ठेवूनही क्लच घसरणारच. ती भरून काढायला दाब तिप्पट करावा लागेल आणि कोणताही टॉगल तेवढा दाब देऊ शकत नाही. पिना वाकतात, बोटं झिजतात, रिंगचे आटे जातात. तेलकट क्लच कसून बरा होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण रिंगचे गेलेले आटे आणि वाकलेल्या पिना मी खूप वेळा हातात घेतल्या आहेत.

घसरण्याची उष्णताही मोजून बघा. १६० न्यूटन-मीटर देत असताना पुली शाफ्टच्या ३० आरपीएम मागे असेल, तर प्लेटांमध्ये साधारण ५०० वॅट उष्णता तयार होते. पुली अडकून पूर्ण थांबली आणि शाफ्ट ३०० ने फिरत राहिला तर ५ किलोवॅट. बंदिस्त जागेत ५ किलोवॅट म्हणजे लायनिंग काही मिनिटांत करपणार. लायनिंग बांधून ठेवणारं रेझिन तापलं की वर येतं आणि पृष्ठ काचेसारखं चकचकीत होतं. मग तेल पुसलं तरी पकड परत येत नाही.

प्लेटा उघडल्यावर लायनिंगचा रंग नीट बघा. गडद, ओलसर आणि बोटाला चिकट लागत असेल तर तेल आहे. कोरडं, काळसर आणि आरशासारखं असेल तर ते जळून चकचकीत झालंय. फक्त एका बाजूला, चंद्रकोरीसारखं झिजलेलं असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

तेलाचा डाग वरवरचा असेल तर सॉल्व्हंटने धुऊन, पूर्ण वाळवून, सपाट काचेवर ८० नंबरचा एमरी पेपर ठेवून लायनिंग हलकं घासा. तेल आत मुरलं असेल तर बदला. धुतल्यावर ते कोरडं दिसतं, पण पहिल्यांदा तापलं की आतलं तेल पुन्हा पृष्ठावर येतं. राळेची पूड किंवा खडूची भुकटी टाकून काम भागवायची सवय फार ठिकाणी आहे. ती तासाभरासाठी पकड देते, नंतर तेलाबरोबर तिचा लगदा होतो आणि प्लेटा सुटेनाशा होतात.

जुन्या क्लचमध्ये ॲस्बेस्टॉसचं लायनिंग असू शकतं. त्याची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, कोरडी घासू नका. ओल्या फडक्याने टिपा, मास्क लावा आणि ते फडकं पिशवीत बंद करून टाका. याबाबतीत घाई करू नका, ही धूळ फुप्फुसात कायमची राहते.

मग तेल येतं कुठून? बुशमधून

बुश आणि घर्षणाच्या प्लेटा यांच्यातलं अंतर बऱ्याच क्लचमध्ये चार बोटंही नसतं. बुशला तेल दिलं की जास्तीचं तेल त्याच्या टोकातून बाहेर येतं, फिरत्या हबवर पडतं आणि फेकलं जाऊन थेट लायनिंगवर जातं. म्हणून ‘पुली करकरते’ अशी तक्रार आली आणि कोणी तेलाची पिचकारी भरून मारली, की दोन दिवसांनी ‘क्लच घसरतो’ ही तक्रार ठरलेलीच.

उलट बाजूही तितकीच खरी. तेल कमी पडलं की बुश झिजतं, कारण क्लच सुटलेला असताना शाफ्ट त्यात अखंड फिरतो. ज्या यंत्राचं काम थोडं आणि थांबणं जास्त, त्याचं बुश लवकर जातं, आणि लोकांना याचंच नवल वाटतं. माझ्याकडच्या त्या पाचातल्या त्रासदायक पुलीचं यंत्र दिवसातून जेमतेम दोन तास चालायचं. बाकीचा सगळा वेळ शाफ्ट तिच्या बुशमध्ये कोरडा फिरायचा. तेल सकाळी, क्लच लागलेला असताना दिलं जायचं, आणि पुली अशा कोनात थांबायची की तेलाचं भोक खाली यायचं.

आता झिजलेलं बुश क्लच कसा घसरवतं? पुली बुशवर तिरकी होते. पट्ट्याची ओढ पुलीला एका बाजूला खेचते. पट्टा बुशच्या मध्यावर नसेल, थोडा टोकाकडे चालत असेल, तर ती ओढ पुलीला नुसती खेचत नाही, कलंडवते. हिशेब करून बघा: १०० मिमी लांबीच्या बुशमध्ये ०.३ मिमी ढिलाई असेल तर पुली तेवढ्याने कलते, आणि २५० मिमी व्यासाच्या प्लेटेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ०.७५ मिमीचा फरक पडतो. प्लेटांमधली मोकळी जागाच मुळात अर्ध्या मिमीच्या आसपास असते. म्हणजे एक कड घट्ट चावते आणि समोरची कड हवेत राहते. बोटांची ताकद पुली सरळ करण्यात खर्च होते, आवळण्याला उरत नाही.

शिवाय प्रत्येक फेरीत चावणारी जागा बदलते, कारण पट्ट्याची ओढ जागेवर असते आणि पुली फिरत असते. प्लेटा सतत एकमेकींवर किंचित चघळल्यासारख्या हलतात. बाहेरून घसरणं दिसत नाही, खडूची रेघही जवळजवळ जागेवर राहते, पण लायनिंग झिजत जातं आणि क्लच गरम लागतो. म्हणूनच दर आठवड्याला कसावं लागतं. रिंग फिरवून तुम्ही झिजलेलं लायनिंग भरून काढता, झिजण्याचं कारण तसंच राहतं.

ढिलाई मोजायला पट्टा उतरवा. पुली पट्ट्याच्या ताणाखाली असेल तर हाताने काहीच कळत नाही. क्लच सोडा, पुलीच्या बॉसवर अगदी बुशच्या टोकाजवळ डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावा, लाकडी फळीने पुली खालून हलकी उचला आणि सोडा. मग दुसऱ्या टोकाला हेच करा. दोन्ही टोकांची मापं वेगळी आली तर बुश नरसाळ्यासारखं झिजलंय, आणि पट्टा कोणत्या टोकाकडे ओढतोय तेही त्यावरून कळतं. नव्या बुशला शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी जागा ठेवतात, ५० मिमी शाफ्टला ०.०५ मिमी. पाव मिमीच्या पुढे गेलं की मी वाट बघत नाही.

मोजमाप करण्याआधीही एक खूण दिसते. बुशच्या टोकाशी शाफ्टवर तांबूस-तपकिरी चिखल जमलेला असेल तर ढिल्या बुशमध्ये शाफ्ट सूक्ष्म हलतोय आणि लोखंडाची बारीक भुकटी गंजून बाहेर येतेय. क्लच लागलेला असतानाही हे चालू असतं.

बुश बदलताना जिथे चुकतं

शाफ्टसुद्धा झिजलेला असतो. प्रमाणित मापाचं नवं बुश आणून ठोकलं तर ढिलाई पहिल्या दिवसापासून तिथेच राहते. शाफ्ट तीन जागी मायक्रोमीटरने मोजा: बुशच्या दोन्ही टोकांशी आणि मध्ये. प्रत्येक जागी दोन काटकोनी दिशांनी मोजा, म्हणजे अंडाकृती झिजलाय का ते कळेल. नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर शाफ्ट खरडून एकसारखा करा आणि बुश त्या मापाचं बनवून घ्या.

दुसरी चूक जास्त वेळा होते. बुश पुलीत प्रेसने घट्ट बसवलं की त्याचं भोक काही शतांश मिमी आकसतं. आधीच अचूक मापाला बोअर केलेलं बुश बसवल्यावर शाफ्टवर चढत नाही, मग कोणीतरी ते एमरीने हाताने मोठं करतं आणि भोक वाकडं होतं. म्हणून बुश आधी पुलीत बसवा, नंतर रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) मारा किंवा लेथवर पुलीच्या रिमला धरून बोअर करा. तसं केलं की रिम आणि भोक एकाच मध्याला येतात.

तेलाच्या खाचा बुशच्या दोन्ही टोकांपर्यंत नेऊ नका. प्लेटांच्या बाजूचं टोक बंद ठेवा आणि त्या बाजूला शाफ्टवर तेल झटकणारी कडी किंवा फेल्टचं सील बसवा. जागा असेल तर ग्राफाइट भरलेलं ब्राँझचं बुश वापरा, त्याला तेल फार कमी लागतं. सीलबंद बॉल बेअरिंग बसवणं हाही मार्ग आहे आणि मी एकदा तो घेतला आहे. पण क्लच दिवसेंदिवस लागलेलाच राहत असेल तर बेअरिंग आतून फिरत नाही, गोळ्या एकाच जागी थरथरत राहतात आणि रिंगवर खड्डे पाडतात. सतत चालणाऱ्या यंत्राला चांगलं बुशच बरं, असं माझं मत आहे.

पट्ट्याचा ताणही याच वेळी बघा. वरच्या उदाहरणातल्या पुलीचा व्यास ४०० मिमी असेल तर पट्ट्याची कामाची ओढ सुमारे १२०० न्यूटन. घट्ट आणि सैल बाजूच्या ताणांचं प्रमाण अडीच धरलं तर दोन्ही मिळून बुशवर सुमारे २८०० न्यूटन येतात. क्लच घसरतोय हे न ओळखता कोणी पट्टा घसरतोय असं समजून ताण वाढवत नेला, तर हा भार सहज दीडपट होतो. बुश लवकर झिजतं, पुली कलते, क्लच आणखी घसरतो आणि पट्टा पुन्हा ताणला जातो.

बुश ठीक आहे आणि तरी घसरतो

मग टॉगल खरंच मध्यरेषा ओलांडतो का ते बघा. लिव्हरच्या जागी उभं राहून हे समजत नाही. लिव्हरपासून स्लीव्हपर्यंत चार-पाच पिना असतात, प्रत्येकीत थोडी झीज असते आणि सगळी मिळून दहा-पंधरा मिमीची हालचाल खाऊन टाकते. लिव्हर स्टॉपरला टेकतो, चालवणाऱ्याला वाटतं क्लच लागला, आणि टॉगल अलीकडेच थांबलेला असतो. असा क्लच लोडच्या थरथरीने हळूहळू स्वतःच सुटतो.

शाफ्ट थांबवून, कुलूप लावून, जोडदांडा स्लीव्हजवळ सोडवा आणि बारने स्लीव्ह हाताने पुढे ढकला. ‘टक’ झालं आणि तसं चालवल्यावर घसरलं नाही, तर दोष दांड्यांत आहे. पिना बदला, दांड्याची लांबी जुळवा, रिंगला हात लावू नका. दांडा जोडल्यावर क्लच लागलेल्या स्थितीत फोर्कची टोकं स्लीव्हच्या खाचेत सैल हलली पाहिजेत. स्लीव्ह गरम लागत असेल तर फोर्क अजून दाबतोय.

तीन बोटांपैकी एकाची पिन झिजलेली असणं हेही वारंवार सापडतं. क्लच अर्धवट लावून प्रत्येक बोट आणि प्रेशर प्लेट यांच्यात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघा, तिन्ही जागा सारख्या हव्यात. एक बोट मागे असेल तर प्लेट तिथे दबत नाही, आणि लक्षणं झिजलेल्या बुशसारखीच दिसतात. फरक एवढाच की बोटाचा दोष असेल तर चंद्रकोरी झीज प्रेशर प्लेटच्या एकाच ठरावीक जागी राहते.

प्लेटांचे कान (कडेला बाहेर आलेले दाते) हबच्या ज्या खाचांत सरकतात त्या खाचांच्या भिंतींवरून बोट फिरवा. कानांनी तिथे छोटे खड्डे पाडले असतील तर प्लेट त्यात अडकते, पूर्ण आवळत नाही आणि नंतर पूर्ण सुटतही नाही. कानशीने भिंत सरळ करता येते, फार खोल असेल तर हब बदलावा लागतो. जास्त तापून गेलेल्या क्लचमध्ये स्प्रिंगांची मोकळी लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून बघा. प्लेटांवर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर सरळपट्टी लावून सपाटपणा तपासा.

आणि क्लचमध्ये काहीच सापडलं नाही तर लोड तपासा. कोणी मोटरची पुली लहान बसवून शाफ्टचा वेग ३०० वरून २०० केला असेल आणि यंत्राची शक्ती तीच ठेवली असेल, तर टॉर्क २३९ वरून ३५८ वर जातो. क्लच जुनाच, काम दीडपट. उलट वेग वाढवला तर चालवताना टॉर्क कमी लागतो, पण सुरू करतानाची उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. फ्लायव्हीलसारखं जड चाक थांबलेल्या स्थितीतून उचलताना त्याला जेवढी ऊर्जा मिळते तेवढीच क्लचमध्ये उष्णता होते, लिव्हर हळू ओढा किंवा जोरात. वेग दुप्पट म्हणजे दर सुरुवातीला चौपट उष्णता.

सुटत नाही, किंवा झटक्याने धरतो

क्लच सोडल्यावरही पुली शाफ्टबरोबर फिरत राहते, ही तक्रार आली की सगळे प्लेटांमध्ये शोधतात. शाफ्ट थांबवा, पट्टा उतरवा, क्लच सोडा आणि पुली हाताने फिरवा. जड फिरत असेल तर बुश कोरडं पडून शाफ्टला धरत असेल, रिंग गरजेपेक्षा जास्त कसलेली असेल किंवा प्लेटा खाचांत अडकल्या असतील. ही अवस्था धोक्याची आहे, कारण यंत्र बंद समजून कोणी त्यात हात घालू शकतो. 

झटक्याने धरणं हे कललेल्या पुलीचंही लक्षण आहे. कोन क्लच (प्लेटांऐवजी शंकूच्या आकाराचा क्लच) असेल तर शंकूचा कोन बघा: अर्धकोन साधारण १२.५ अंशांचा असतो. झिजून किंवा चुकीच्या मशीनिंगने तो ८ अंशांच्या खाली गेला की कोन आत रुतून बसतो आणि सोडायला हातोडा लागतो. तिथे कसणं-सैल करणं यांचा काही उपयोग नाही, शंकू नव्याने टर्न करावा लागतो.

पुन्हा बसवल्यावर

रिंग सैल ठेवून सुरुवात करा. एक खाच पुढे, क्लच हाताने लावून बघा, पुन्हा एक खाच. ‘टक’ स्पष्ट ऐकू आली आणि लिव्हर एका माणसाच्या ओढीने आला की थांबा आणि पिन लावा. निर्मात्याने जोराचा आकडा दिला असेल तर तोच धरा. नवं लायनिंग पहिल्या काही तासांत उंचवटे झिजवून खाली बसतं, म्हणून पहिल्या दिवसाच्या शेवटी एकदा आणि आठवड्याने एकदा कसणं साहजिक आहे. त्यापुढे महिनोनमहिने हात लावावा लागू नये.

बुशला तेल थोडं आणि ठरल्या वेळी द्या, शक्यतो क्लच सुटलेला असताना, भोक वर येईल अशी पुली फिरवून. शाफ्टच्या वेगापेक्षा क्लच सुटून किती तास जातात त्यावर तेलाचं अंतर ठरवा.

आणि एक नोंद ठेवा. लिव्हरच्या टोकाला ताणकाटा लावून क्लच लावायला किती किलो ओढ लागते ते दर महिन्याला मोजा आणि तारखेसह भिंतीवरच्या कार्डावर लिहा. सोबत डायल गेजवरची बुशची ढिलाई लिहा. त्या पुलीच्या कार्डावर मला नंतर दिसलं की ओढ कमी होत गेली आणि ढिलाई वाढत गेली, दोन्ही एकाच महिन्यापासून. तेव्हा कार्ड असतं तर दोन लायनिंग वाचली असती.